वटवाघळाचा फोटो कॅमेरा काढत नाही

गेल्या मे महिन्यात गावी चार रात्री परसात बसून मी ६११ फोटो काढले. त्यातले निम्म्याहून जास्त ठार काळे आहेत. शंभरेकांत नुसतं केळफूल आहे, काहींत पतंग आहेत, दोनांत माझाच हात आहे. वटवाघूळ असलेले १९ आणि चारचौघांना दाखवावेत असे ३. पुण्यात परत आल्यावर ज्यानं-त्यानं एकच विचारलं, कॅमेरा कुठला? आता कॅमेरा बारा वर्षांचा जुना आहे, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात सगळ्यात कमी काम त्यानंच केलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी पाहुणा कोण ते सांगतो. आमच्या घरामागे, सांडपाण्याच्या पाटाला लागून केळी आहेत. तिन्हीसांजेनंतर केळफुलाचं एक जांभळं पान हळूहळू वर उचललं जातं, आणि त्याखालच्या फुलांच्या ओळीत चिकट, गोड रस भरतो. तो प्यायला येतं ते छोटं फलाहारी वटवाघूळ. झाडावर उलटी लटकलेली जी मोठी वाघळं आपण बघतो, त्यांचा हा धाकटा चुलतभाऊ. वजन साधारण पन्नास ग्रॅम, पंख पसरले की मात्र जवळजवळ दोन वीत. आंबा, पेरू, चिकू, बदाम सगळं खातं. भेर्ली माडाच्या नाहीतर ताडाच्या झावळीखाली चावून-चावून राहण्यापुरता आडोसा करतं. सकाळी अंगणात अर्धवट कुरतडलेले बदाम पडलेले असतात, ते याचंच काम.

हे केळफुलावर येतं, क्षणभर चिकटतं, जीभ घालतं आणि जातं. मला हवा होता तो त्याच्या आधीचा क्षण, पंख पूर्ण उघडून ते फुलाच्या हातभर अलीकडे असतं तेव्हाचा.

पहिल्या रात्री मी सगळ्यांसारखंच केलं. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला, फुलावर फोकस केला आणि बटणावर बोट ठेवून बसलो. तासाभरात सत्तरेक फोटो, सगळ्यांत केळफूल. फूल फारच सुंदर आलं होतं.

काय चुकलं ते हिशोब केल्यावर कळलं. उतरायला आलेलं वटवाघूळ सेकंदाला ४ मीटर वेगानं येतंय असं धरू. आपल्याला ते दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. तेवढ्यात ते ८० सेंटिमीटर पुढे गेलं. मग कॅमेऱ्याचं आपलं वेगळंच. आरसा वर जाणार, पडदा उघडणार. माझ्या जुन्या कॅमेऱ्याला त्यासाठी सेकंदाचे साठेक हजारांश लागतात. म्हणजे आणखी २४ सेंटिमीटर. फोटो निघाला तेव्हा पाहुणा जेवून हात धुवून गेलेला.

दुसरी अडचण याहून मोठी. समजा नेमका क्षण साधला, तरी शटरचा वेग किती ठेवायचा? १/२५० सेकंदात हे वटवाघूळ १६ मिलिमीटर सरकतं. फोटोत त्याचं सरळ धुकं होणार. १/१००० ला ४ मिलिमीटर. पंखाचं टोक तर अंगापेक्षा कितीतरी जोरात हलत असतं. केस न् केस दिसायला हवा असेल तर सरकणं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ठेवावं लागतं, म्हणजे १/२०,००० सेकंदाच्या आसपास. एवढं वेगवान यांत्रिक शटर आपल्यापैकी कुणाच्याही कॅमेऱ्यात नाही.

बरं, १/८००० तरी ठेवू म्हटलं तर फ्लॅश साथ देत नाही. कॅमेऱ्याच्या आत एकामागून एक धावणारे दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा झाकत येतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत असा एक क्षण मिळतो की पहिला पूर्ण उघडलाय आणि दुसरा अजून निघालेला नाही. त्या क्षणी फ्लॅश उडाला तर पूर्ण फोटो उजळतो. त्याहून वेग वाढवला की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठीला लागतो आणि दोघांमधली अरुंद फट तेवढी सरकत जाते. मग फ्लॅशचा उजेड फोटोच्या एका पट्ट्यावरच पडतो. यावर ‘हाय स्पीड सिंक’ नावाचा तोडगा असतो, पण त्यात फ्लॅश एकदाच कडाडण्याऐवजी भराभर लुकलुकत राहतो आणि उजेड फार कमी मिळतो. वटवाघळासाठी तो कामाचा नाही.

इथं डोकं उलटं चालवावं लागतं. पावसाळ्यात रात्री वीज चमकते तेव्हा अंगणातली पागोळी आठवा. कौलावरून गळणारी धार आपल्याला एरवी सलग दिसते. विजेच्या उजेडात मात्र एकेक थेंब हवेत थिजलेला दिसतो. आपण डोळे काही पटकन मिटलेले नसतात, ते उघडेच असतात. उजेडच क्षणभर होता. वटवाघळाचा फोटो अगदी असाच निघतो. कॅमेऱ्याचा पडदा आठ-आठ सेकंद उघडा ठेवायचा, अंधारात तो काहीच टिपत नाही. त्या आठ सेकंदांत कधीतरी फ्लॅश १/२०,००० सेकंद चमकतो आणि फोटो तेवढ्या वेळात होतो. आरसा नाही, पडदा नाही, त्यांची दिरंगाई नाही. अंधार हेच शटर.

हे नवीन मुळीच नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचं तंत्र असं काही घडवलं की फळातून आरपार जाणारी बंदुकीची गोळीसुद्धा फोटोत थांबली. पुढे साठच्या दशकात ते न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाड गुहेतून बाहेर पडणाऱ्या वटवाघळांचेही फोटो काढायला गेले होते. आपल्याला एवढ्या मोठ्या सरंजामाची गरज नाही. लग्नाचे फोटो काढणारे लोक जे जुने फ्लॅश विकायला काढतात, ते पुरतात. उलट तेच बरे.

ते का, हे नीट समजून घ्यायला हवं. अशा छोट्या फ्लॅशची ताकद १/३२ वर आणली की तो मंद चमकतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि तो प्रकाश मध्येच तोडतो. नळ बारीक करण्याचा हा प्रकार नव्हे. नळ पूर्ण सोडून चटकन बंद करण्याचा आहे. म्हणून ताकद कमी केली की फ्लॅशची वेळ कमी होते. निकॉनच्या एसबी-८०० या जुन्या फ्लॅशचे आकडे बघा. पूर्ण ताकदीला तो १/१०५० सेकंद चमकतो, १/१६ ताकदीला १/१०,९०० आणि सगळ्यात कमी, १/१२८ ताकदीला १/४१,६०० सेकंद. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांपैकी अनेकांत, विशेषतः जुन्यांत, विजेचा दाब कमी करून ताकद उतरवतात, आणि त्यांत वेळ कमी न होता वाढते. मोठा महागडा दिवा भाड्यानं आणून फोटो हललेले का आले म्हणून कपाळावर हात मारणारे लोक मी पाहिलेत.

पण फुकट काही मिळत नाही. १/३२ ताकद म्हणजे उजेडही बत्तिसावा हिस्सा. पूर्ण ताकदीला ज्याचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशचा उजेड किती लांब पुरतो ते सांगणारा आकडा, ४० आहे तो आता ७ वर येतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वरून ४०० केला तर तो १४ धरायचा. गाइड नंबरला अ‍ॅपर्चरनं, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या एफ आकड्यानं, भागलं की अंतर मिळतं: १४ भागिले ११, म्हणजे सव्वा मीटर. एफ ११ ला फोटो हवा असेल तर फ्लॅश वटवाघळापासून सव्वा मीटरवर हवा. दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई. त्यामुळे एका मोठ्या फ्लॅशपेक्षा तीन-चार लहान फ्लॅश, सगळे एकाच ताकदीला, केळीच्या भोवती काठ्यांवर बांधायचे. एखादा जरी १/४ वर राहून गेला, तर त्याचा लांबलेला उजेड पंखांच्या कडेला भुतासारखी सावली सोडतो. माझे पहिले चार फोटो असेच गेले.

एफ ११ चा हट्ट कशाला? कारण वटवाघूळ काही फोकसच्या रेषेवर उडत नाही, आणि एफचा आकडा मोठा, म्हणजे छिद्र लहान, तसा फोटोत तीक्ष्ण दिसणारा पट्टा रुंद होतो. ८५ मिमीची लेन्स, छोट्या सेन्सरचा कॅमेरा, अंतर दोन मीटर आणि एफ ११ असं धरलं तर तीक्ष्ण दिसणारा पट्टा साधारण २४ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे वीतभर. आणि पाहुण्याचे पंख दोन वीत. तो कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर डोळे, नाक, जवळचा पंख सगळं पट्ट्यात बसतं. तिरका आला तर एक पंख गेलाच. म्हणून कॅमेरा त्याच्या वाटेला काटकोनात लावायचा. फोकस दिवसा उजेडी हातानं करायचा आणि लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टी मारून टाकायची. मी फुलाच्या अलीकडे, जिथं वटवाघूळ यायला हवं तिथं, सुंभावर कपड्यांचा चिमटा टांगून त्याच्यावर फोकस केला.

‘जिथं यायला हवं तिथं’ असं लिहिणं सोपं आहे. ती जागा सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. पहिली रात्र वाया गेल्यावर दोन दिवस मी कॅमेरा बाहेरच काढला नाही, नुसता पायरीवर बसून बघत राहिलो. काकूनं एकदा विचारलंसुद्धा, “त्या वाघळांचे फोटो काढून काय करतलंस रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण त्या दोन संध्याकाळींत कळलं की ती आधी केळीभोवती एक घिरटी घालतात आणि मग विहिरीचा रहाट आणि फणस यांच्या मधल्या फटीतूनच खाली उतरतात. दुसऱ्या बाजूला केळीची पानं आडवी येतात. यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला विचाराल तर हीच. बाकी सगळं बाजारात मिळतं.

आता प्रश्न उरला फ्लॅश उडवायचा कुणी. माणसाचं बोट उशीर करतं, म्हणून काम वटवाघळालाच द्यायचं. त्याच्या वाटेत डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक किरण सोडायचा. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो तोच प्रकाश. समोर तो पकडणारा सेन्सर ठेवायचा. किरण तुटला की सर्किट फ्लॅशला इशारा देतं. तयार यंत्रं मिळतात, पण बाहेरून मागवावी लागतात आणि महाग पडतात. आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट), एलईडी, सेन्सर हे सगळं पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळून जातं. एक खाचखळगा सांगून ठेवतो, कारण माझा त्यात आख्खा रविवार गेला. दुकानदार हमखास टीएसओपी १७३८ हा रिमोटचा सेन्सर हातात देतो. तो ३८ किलोहर्ट्झनं लुकलुकणारा प्रकाश ओळखतो, त्यामुळे बाकीच्या उजेडानं फसत नाही. पण तो बनवलाय रिमोटच्या तुटक इशाऱ्यांसाठी. तोच प्रकाश सलग येत राहिला की तो त्याला गोंगाट समजून दुर्लक्ष करायला लागतो. किरण अडलाय की नाही एवढंच सांगणारा त्याचा भाऊबंद म्हणजे टीएसएसपी ४०३८. तो मागा, किंवा एलईडी थांबत-थांबत पेटवा.

एक किरण पुरत नाही. तो दीड मीटर लांब असेल तर वटवाघूळ त्यात कुठेही शिरू शकतं, आणि आपला फोकस वीतभरच. म्हणून दोन किरण एकमेकांना छेदतील असे लावायचे, आणि दोन्ही एकाच वेळी तुटले तरच फ्लॅश उडेल अशी अट घालायची. चिमटा टांगला होता नेमक्या त्याच जागी छेद आणायचा आणि मग चिमटा काढून घ्यायचा. यानं पतंगांचा त्रासही बराच कमी होतो. एवढंसं पाखरू दोन्ही किरण एकदम क्वचितच तोडतं. वाऱ्यानं हलणारं केळीचं पान मात्र तोडतं. ते सुतळीनं मागे बांधा. कापू नका, वटवाघळाच्या ओळखीची खूण जाते. शिवाय एकदा फ्लॅश उडाला की पुढचे आठ सेकंद सर्किटनं गप्प राहायचं, असंही सांगून ठेवावं लागतं. एवढ्या कमी ताकदीला फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि मग एकाच फोटोत एका वटवाघळाची तीन वटवाघळं होतात.

पडदा आठ सेकंद उघडा असल्यामुळे अंधार खरोखरचा हवा. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्यायचा. तो पूर्ण काळा आला तर ठीक. माझ्या फोटोत एका कोपऱ्यात पिवळट डाग आला. शोधलं तर न्हाणीघराच्या खिडकीतला दिवा. नंतरच्या रात्री हिरवट रेघा यायला लागल्या, त्या काजव्यांच्या. त्या मी काढल्या नाहीत. चांदण्याचा तसा त्रास नाही, पण ही वटवाघळं लख्ख चांदण्यात कमीच बाहेर पडतात, म्हणून अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे बसलेलं बरं.

उजेड कुठून टाकायचा यावर फोटोचा सगळा जीव अवलंबून असतो. समोरून टाकलेल्या फ्लॅशमध्ये वटवाघूळ म्हणजे काळ्यावर तपकिरी चपटा डाग. मी दोन फ्लॅश पुढे डाव्या-उजव्या बाजूला ठेवले आणि दोन मागे, पंखांतून आरपार येतील असे, लेन्सच्या नजरेबाहेर. त्या १९ पैकी तेराव्या फोटोत ते साधलं. पंखाचं कातडं तळहातामागे टॉर्च धरल्यावर दिसतो तसं तांबूस झालंय. त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या. वरच्या कडेला अंगठा सुटा आणि त्याला आकडीसारखं नख. आणि चार बोटं, लांबच लांब, छत्रीच्या काड्यांसारखी, त्यांच्यावर कातडं ताणलेलं. वटवाघळाचा पंख हा हातच असतो, हे शाळेत पाठ केलेलं. काकूनं फोन हातात घेऊन फोटो मोठा केला, बोटानं मोजलं आणि म्हणाली, “पाच बोटां आसत की रे ह्येका.” मग बराच वेळ तिनं फोन परत दिला नाही.

फोटो पाहणारे आणखी एक विचारतात, याचं तोंड मिटलेलं कसं? लोकांच्या डोक्यातलं वटवाघूळ दात विचकलेलं असतं. त्याची दोन कारणं आहेत. पूर्वीचे बहुतेक फोटो पकडून धरलेल्या, घाबरलेल्या जनावरांचे असत. १९८२ मध्ये ‘बॅट कॉन्झर्वेशन इंटरनॅशनल’ ही संस्था काढणारे अमेरिकी संशोधक मर्लिन टटल स्वतः कॅमेऱ्याकडे वळले ते असले फोटो पाहूनच. दुसरं कारण साधं आहे. कीटक खाणारी वटवाघळं ओरडून वाट काढतात. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८ पासूनच्या प्रयोगांत हे सिद्ध केलं. त्यांतली पुष्कळ तोंडानं आवाज काढतात, त्यामुळे फोटोत तोंड उघडं. ती चिडलेली नसतात, बोलत असतात. नालनाकी वटवाघळं नाकातून आवाज काढतात, म्हणून तीही तोंड मिटूनच उडतात. आमचं फलाहारी वटवाघूळ असा आवाज काढतच नाही. ते डोळ्यांनी आणि वासानं वाट शोधतं.

डोळ्यांवर चालणारं जनावर, म्हणून फ्लॅशची काळजीही त्याच्याच बाबतीत जास्त. मी रोज अर्ध्या तासावर थांबायचो. दुसऱ्या रात्री एक वटवाघूळ फ्लॅशनंतर वळून गेलं आणि वीस मिनिटं आलं नाही, तेव्हा सगळं बंद करून टाकलं. खाण्याच्या जागी फोटो काढणं एक वेळ ठीक, पण जिथं ती राहतात, पिल्लं असतात, तिथं फ्लॅश नको. गुहेत तर नकोच. बेळगाव-गोवा सीमेजवळच्या बारापेडे गुहांमध्ये राउटनचं वटवाघूळ राहतं. जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं हे जनावर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात जास्त संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत आहे. फलाहारी वटवाघळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या रांगेत ‘उपद्रवी’ म्हणून होती. २०२२ च्या दुरुस्तीत उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच गेली.

गुहा टाळण्याचं आणखी एक कारण आपल्या तब्येतीचं. पुण्याच्या एनआयव्हीनं (राष्ट्रीय विषाणू संस्थेनं) मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते. त्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. यानं घाबरून परसातली केळ तोडायची नाही. वटवाघळाला हात लावायचा नाही, ती बसतात त्या झाडाखाली तोंड वर करून उभं राहायचं नाही, त्यांनी कुरतडलेलं फळ खायचं नाही, आणि चावलंच तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

हे सगळं ऐकून ज्यांना घाम फुटला असेल त्यांनी मोठ्या वाघळांपासून सुरुवात करावी. गावोगावी वडा-चिंचेवर त्यांच्या वसाहती असतात. सूर्य बुडाला की ती निघतात, सावकाश उडतात आणि आभाळात उजेड शिल्लक असतो. आयएसओ ३२००, शटर १/८००, फ्लॅश नाही, किरण नाही. उन्हाळ्यात ती तळ्यावर येऊन पोट पाण्याला टेकवतात आणि मग भिजलेले केस चाटून पाणी पितात. ते दिवसाउजेडीही बघायला मिळतं. याउलट विहिरीवर पाणी प्यायला येणाऱ्या इवल्याशा पाकोळ्या (कीटक खाणारी छोटी वटवाघळं) म्हणजे वरचा वर्ग. पाच-सात ग्रॅमचं जनावर, त्यात पाण्यावरून परत येणारा फ्लॅशचा उजेड. मला अजून एकही मिळालेली नाही.

चौथ्या रात्री साडेआठला आकाश गडगडलं. मी सामान आवरायला उठेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले, आणि ते दोन्ही किरण तोडायला लागले. फ्लॅश दर आठ सेकंदांनी आपला इमानदारीत उडत राहिला. मी प्लास्टिक शोधत घरभर धावलो तेवढ्या दहा मिनिटांत सत्तर फोटो निघाले. वटवाघूळ त्यातल्या एकातही नाही. थेंब मात्र सगळे मोजता येतात.